जुन्या शेव्हरोले पिकअपच्या ३५० इंजिनासाठी कॅमशाफ्टची निवड

१९७३ ते १९८७ या काळातील चौकोनी बांध्याच्या शेव्हरोले सी-१० आणि के-१० पिकअप अमेरिकेत आजही रस्त्यावर दिसतात, आणि त्यांतील पुष्कळांच्या बॉनेटखाली ३५० घनइंचांचे, म्हणजे ५.७ लिटरचे, व्ही-८ इंजिन असते. हे इंजिन १९६७ मध्ये प्रथम कॅमॅरो या मोटारीत आले आणि १९६९ पासून पिकअपमध्ये बसू लागले. अशा इंजिनाचे काम काढले की सिलिंडर किती रीबोर करायचा, पिस्टन कोणत्या साइझचे घ्यायचे, क्रँकची बेअरिंगे कोणती घालायची, हे सारे मोजमापावरून ठरते. कॅमशाफ्ट, म्हणजे इंजिनाचे व्हॉल्व्ह उघडण्याचे काम करणारा फिरता दांडा, मात्र मालकाच्या मनाने ठरतो, आणि घोटाळा नेमका तिथेच होतो. भारतातील डिझेल पिकअपच्या बाबतीत हा प्रश्न सहसा पडत नाही, कारण तिथे पार्ट नंबर पाहून मूळचाच कॅमशाफ्ट आणला की काम संपते. याउलट ३५० इंजिनासाठी शेकडो वेगवेगळे कॅमशाफ्ट मिळतात, आणि त्यांतील बहुतेक ओझे ओढणाऱ्या गाडीसाठी बनवलेलेच नसतात.

म्हणून या लेखातील क्रम मुद्दाम उलटा ठेवला आहे. आधी इंजिन, मग गाडी, मग कॉम्प्रेशन, आणि कॅटलॉग सर्वांत शेवटी.

आपला ब्लॉक नेमका कोणता आहे

गाडीच्या कागदपत्रांवर विसंबू नये. चाळीस वर्षांत या गाड्यांची इंजिने अनेकदा बदललेली असतात. ब्लॉकचा कास्टिंग नंबर मागच्या बाजूला, गिअरबॉक्स जिथे जोडला जातो त्या कडेजवळ, चालकाच्या अंगाला असतो. ब्लॉकच्या पुढच्या भागात, प्रवाशाच्या बाजूच्या हेडच्या पुढे जी सपाट पट्टी असते तिच्यावरील ठोकलेल्या अक्षरांवरून ते इंजिन मुळात कोणत्या गाडीसाठी बांधले होते हे कळते. दुसरी खूण क्रँकच्या मागील ऑइल सीलची. १९८५ पर्यंत हे सील दोन तुकड्यांचे होते, १९८६ पासून ते अखंड झाले.

कॅमशाफ्टवरील फुगवटे, म्हणजे लोब, लिफ्टरना उचलतात; लिफ्टर पुशरॉड या दांडीमार्फत रॉकर ही तरफ हलवतात आणि ती व्हॉल्व्ह उघडते. कॅमशाफ्टच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची खूण लिफ्टरच्या खोबणीत दिसते. १९८७ पासून मोटारींच्या ३५० इंजिनांत रोलर लिफ्टर, म्हणजे तळाला लहान चाक असलेले लिफ्टर, आले. पिकअपच्या इंजिनांत त्यानंतरही कित्येक वर्षे सपाट तळाचे लिफ्टर राहिले, मात्र त्यांतील अनेक ब्लॉक रोलरसाठी लागणाऱ्या उंच गाळ्यांसह ओतलेले होते. खोबणीच्या मधोमध पत्र्याचा धारक बसवण्यासाठी उंचवटे असतील आणि ब्लॉकच्या तोंडावर कॅमशाफ्ट अडवणाऱ्या पट्टीसाठी आट्यांची दोन भोके असतील, तर कारखान्यातील रोलर पद्धत पुढे कमी खर्चात बसवता येते. कधी कधी उंचवटे असतात, पण त्यांत आटे पाडलेले नसतात. ते काम लेथवाल्याकडून करून घेता येते.

जुना कॅमशाफ्ट काय सांगतो

इंजिन उघडण्याआधी डायल गेजची सुई पुशरॉडच्या टोकावर टेकवून, क्रँक हाताने फिरवत प्रत्येक लोबची उचल मोजून ठेवावी. मूळ कॅमशाफ्टवर इनटेकच्या लोबची उचल ०.२६० इंच आणि एक्झॉस्टची ०.२७३ इंच असते. या इंजिनाच्या रॉकरचे गुणोत्तर १.५ असल्यामुळे व्हॉल्व्हपाशी ती अनुक्रमे ०.३९० आणि ०.४१० इंच होते. सोळांपैकी एखाददुसरा लोब कमी भरला तर तो झिजला आहे हे उघड आहे, पण खरा प्रश्न त्याच्या झिजलेल्या लोखंडाचा भुगा कुठे गेला हा असतो. तो ऑइलबरोबर पंपात, क्रँकच्या बेअरिंगांत आणि कॅमच्या पाच बेअरिंगांत फिरलेला असतो. अशा ब्लॉकच्या ऑइल गॅलरीचे प्लग काढून त्या ब्रशने आतून धुतल्याशिवाय नवा कॅमशाफ्ट बसवणे म्हणजे त्याचेही आयुष्य कमी करणे होय. कॅमची बेअरिंगे अशा वेळी बदलावीतच. ती पाचही बाहेरून सारख्या व्यासाची नसतात, म्हणून कोणते बेअरिंग कोणत्या जागी जाते हे डब्यावरील खुणेप्रमाणे पाहावे लागते आणि ठोकण्यासाठी योग्य हत्यार लागते. हे काम मशीन शॉपवर सोपवलेले बरे.

टायमिंग चेनही पाहून घ्यावी. जुन्या इंजिनांच्या कॅमच्या चाकावर पुष्कळदा नायलॉनचे दात असतात. ते म्हातारपणी तुटतात आणि त्यांचे तुकडे ऑइल पंपाच्या जाळीत जाऊन बसतात. नव्या कॅमशाफ्टबरोबर दुहेरी रोलर चेन आणि लोखंडी चाके घ्यावीत.

गाडी कोणत्या आरपीएमवर धावते

कॅमशाफ्ट निवडण्याचा पाया हाच आहे, आणि त्यासाठी एक सोपे गणित पुरेसे आहे. मैलांतील वेगाला डिफरन्शियलच्या गुणोत्तराने आणि ३३६ ने गुणावे, आणि आलेल्या संख्येला टायरच्या इंचांतील व्यासाने भागावे. २८ इंची टायर आणि ३.०८ चे डिफरन्शियल असलेली, ओव्हरड्राइव्ह नसलेली गाडी ताशी ६० मैलांवर सुमारे २२२० आरपीएमवर धावते. डिफरन्शियल ३.७३ चे असेल तर तोच आकडा सुमारे २६९० होतो. १९८२ नंतरचा ७००-आर-४ हा चार गतींचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स असेल तर चौथ्या गिअरचे ०.७० हे गुणोत्तरही धरावे लागते, आणि मग ३.७३ च्या डिफरन्शियलसहही इंजिन १८८० च्या आसपासच फिरते.

ही संख्या कागदावर लिहून समोर ठेवावी. ज्या गाडीचे सारे आयुष्य १५०० ते ३००० आरपीएमच्या दरम्यान जाणार आहे, तिला ३५०० च्या पुढे जागा होणारा कॅमशाफ्ट बसवला, तर दिव्यापाशी थांबून पुन्हा निघताना, चढावर, किंवा मागे ट्रेलर असताना ती आधीपेक्षा मरगळलेली वाटते. जाहिरातीत सांगितलेली अश्वशक्ती खोटी नसते, पण ती अशा फेऱ्यांवर मिळते जिथे ही गाडी क्वचितच पोहोचते. थांबलेल्या गाडीतून येणारा तो डुगडुगणारा, अडखळता आवाज अनेकांना मोहात पाडतो. ज्यांना केवळ आवाजच हवा आहे त्यांनी सायलेन्सर बदलावा. ते स्वस्त पडते.

कॉम्प्रेशनचा हिशेब

या इंजिनाच्या एका सिलिंडरचे घनफळ सुमारे ७१७ सीसी आहे. सत्तरच्या दशकातील पिकअपची हेडे बहुधा ७६ सीसीच्या चेंबरची, म्हणजे मिश्रण जळण्याच्या पोकळीची, असतात. त्यात गॅस्केटचे सुमारे साडेआठ सीसी, पिस्टन ब्लॉकच्या कडेपासून ०.०२५ इंच खाली राहत असेल तर त्याचे सुमारे पाच सीसी, आणि पिस्टनच्या खोलगट माथ्याचे दहा सीसी मिळवले की एकूण साधारण शंभर सीसी होतात. ७१७ ला १०० ने भागून त्यात १ मिळवला की कॉम्प्रेशनचे गुणोत्तर, म्हणजे मिश्रण किती पट दाबले जाते तो आकडा, जेमतेम ८.२ येते. हेच पिस्टन ठेवून ६४ सीसीची हेडे बसवली तर ते ९.२ च्या आसपास जाते. मशीन शॉपने ब्लॉकचा माथा घासला किंवा वेगळ्या जाडीचे गॅस्केट घातले तर हे आकडे बदलतात, म्हणून कॅमशाफ्टची ऑर्डर देण्याआधी हा हिशेब आपल्याच मापांनी करावा.

कॅमशाफ्टशी याचा संबंध काय? इनटेक व्हॉल्व्ह पिस्टन तळाशी पोहोचताक्षणी बंद होत नाही; पिस्टन वर येऊ लागल्यावरही तो काही काळ उघडा असतो. कॅमशाफ्टचे ड्युरेशन, म्हणजे व्हॉल्व्ह उघडा राहण्याचा क्रँकच्या अंशांत मोजलेला काळ, जितके मोठे, तितका तो उशिरा बंद होतो, आणि कमी आरपीएमवर आत घेतलेले मिश्रण तितके परत मॅनिफोल्डमध्ये ढकलले जाते. मुळातच कॉम्प्रेशन ८.२ असेल तर त्यातून आणखी काही गमावणे इंजिनाला परवडत नाही. जास्त फेऱ्यांवर मात्र वेगाने येणारी हवा आपल्याच जोराने शिरत राहते, त्यामुळे तिथे उशिरा बंद होणे फायद्याचे ठरते. कमी कॉम्प्रेशनला छोटे ड्युरेशन, हा नियम त्यामुळेच आहे. अंथरूण पाहून पाय पसरावे, ही म्हण या बाबतीत तंतोतंत लागू पडते.

आता कॅटलॉग उघडावा

कॅमशाफ्टच्या कार्डावर ड्युरेशनचे दोन आकडे असतात. जाहिरातीतील मोठा आकडा प्रत्येक उत्पादक वेगवेगळ्या उचलीपासून मोजतो, म्हणून दोन कंपन्यांचे ते आकडे एकमेकांशी ताडून पाहण्यात अर्थ नाही. लिफ्टर ०.०५० इंच उचलल्यापासून मोजलेले ड्युरेशन मात्र सर्वत्र एकाच रीतीने मोजतात. तुलना त्याचीच करावी. त्यानंतर व्हॉल्व्हची उचल पाहावी, आणि शेवटी लोब सेपरेशन अँगल, म्हणजे इनटेक आणि एक्झॉस्टच्या लोबांच्या मध्यबिंदूंमधील कोन. हा कोन जितका लहान, तितके दोन्ही व्हॉल्व्ह एकाच वेळी अधिक काळ उघडे राहतात, आयडलिंग खडबडीत होते आणि मॅनिफोल्डमधील व्हॅक्यूम घटतो. पिकअपसाठी ११२ अंश हा सुरक्षित आकडा आहे; ११० चालतो, पण त्याखाली उतरण्याचे कारण नाही.

कारखान्यातून आलेला नेहमीचा कॅमशाफ्ट, ज्याला त्याच्या पार्ट नंबरच्या शेवटच्या आकड्यांवरून ९२९ म्हणून ओळखतात, तो ०.०५० ला इनटेकवर १९५ आणि एक्झॉस्टवर २०२ अंशांचा, ११२ कोनाचा आहे. त्याला कमी लेखू नये. ज्याची गाडी ३.०८ डिफरन्शियलवर शांतपणे चालते, ट्रेलर ओढते आणि ज्याला पेट्रोल वाचवायचे आहे, त्याने नव्याने घडवलेला ९२९ घेतला तरी काही बिघडत नाही.

त्यावरची पायरी म्हणजे २०४ आणि २१४ अंशांचा, ०.४२० आणि ०.४४२ इंच उचलीचा, ११२ कोनाचा कॅमशाफ्ट. एडलब्रॉकचा परफॉर्मर याच मापांचा आहे आणि इतर अनेक उत्पादक जवळपास तसाच कॅमशाफ्ट विकतात. ८.२ ते ९ कॉम्प्रेशन, चार बॅरलचा कार्ब्युरेटर, मूळचा टॉर्क कन्व्हर्टर (इंजिन आणि ऑटोमॅटिक गिअरबॉक्स यांना जोडणारा भाग) आणि सर्वसाधारण वापर असलेल्या पिकअपसाठी माझी पहिली शिफारस हीच आहे. यात एक्झॉस्टचे ड्युरेशन इनटेकपेक्षा दहा अंशांनी जास्त ठेवले आहे, कारण या इंजिनाच्या जुन्या हेडांतील एक्झॉस्टचा मार्ग अरुंद असतो आणि पुढे ओतीव मॅनिफोल्ड व एकेरी पाइप असेल तर धूर बाहेर पडायला वेळ लागतो.

२१२ आणि २१८ अंशांच्या कॅमशाफ्टचा विचार कॉम्प्रेशन ९ च्या वर, डिफरन्शियल ३.७३ आणि एक्झॉस्टला हेडर्स, म्हणजे प्रत्येक सिलिंडरला स्वतंत्र नळी असलेले मॅनिफोल्ड, असतील तरच करावा. २१८ आणि २२४ अंशांचे कॅमशाफ्ट लोकप्रिय आहेत आणि हलक्या मोटारीत छान चालतात, परंतु त्यांना जास्त फेऱ्यांवर पकडणारा कन्व्हर्टर, कडक स्प्रिंगा आणि चांगली हेडे लागतात. ओझे वाहणाऱ्या पिकअपला ते नकोत. दोन कॅमशाफ्टमध्ये मन दोलायमान झाले तर लहान घ्यावा.

काही अटी मात्र कॅटलॉगमध्ये बारीक अक्षरांत असतात. १९८७ पासूनच्या गाड्यांतील थ्रॉटल बॉडी इंजेक्शन, म्हणजे कार्ब्युरेटरच्या जागी आलेली संगणकावर चालणारी पेट्रोल फवारण्याची पद्धत, मॅनिफोल्डचा व्हॅक्यूम मोजून इंजिनावरील भार ओळखते. मोठ्या कॅमशाफ्टने व्हॅक्यूम घटला की संगणकाला भार वाढल्याचा भास होतो आणि तो विनाकारण जास्त पेट्रोल सोडतो. अशा गाडीत संगणकाची चिप बदलायची नसेल तर मूळच्या मापाजवळच राहावे. ब्रेक बूस्टरही याच व्हॅक्यूमवर चालतो. समुद्रसपाटीजवळ निरोगी मूळ इंजिन आयडलिंगला १८ ते २० इंच (पाऱ्याच्या मापाने) व्हॅक्यूम देते, आणि उंचीच्या दर हजार फुटांमागे त्यातून सुमारे एक इंच वजा होतो, म्हणजे डेन्व्हरमधील मालकाच्या हाती मुळातच पाच इंच कमी असतात. कॅलिफोर्नियात १९७५ पर्यंतच्या पेट्रोल गाड्यांना धूर तपासणीतून सूट आहे. त्यानंतरच्या गाडीसाठी राज्याच्या हवा मंडळाचा मंजुरी क्रमांक असलेलाच कॅमशाफ्ट घ्यावा.

सपाट लिफ्टर की रोलर

सपाट तळाचा लिफ्टर खरे तर अगदी सपाट नसतो. त्याचा तळ किंचित फुगीर असतो आणि कॅमच्या लोबला एक-दोन सहस्रांश इंचांचा उतार दिलेला असतो, ज्यामुळे लिफ्टर चालताना स्वतःभोवती फिरत राहतो. तो फिरायचा थांबला की काही मिनिटांत लोब खाल्ला जातो. म्हणूनच नव्या कॅमशाफ्टवर जुने लिफ्टर कधीही घालू नयेत, आणि जुना कॅमशाफ्ट परत वापरायचा झाल्यास प्रत्येक लिफ्टर त्याच्या मूळच्या लोबवरच जायला हवा. लिफ्टरच्या दर्जाबाबत तडजोड करू नये. कॅमशाफ्ट आणि लिफ्टर एकाच उत्पादकाचे, एकत्र घ्यावेत.

रोलर पद्धतीत ही झीज जवळजवळ नाहीशी होते आणि त्याच ड्युरेशनमध्ये व्हॉल्व्ह अधिक वेगाने उघडता येतो. ब्लॉक रोलरसाठी ओतलेला असेल तर कारखान्याचे लिफ्टर, त्यांना सरळ धरणाऱ्या पट्ट्या, पत्र्याचा धारक आणि ७.८ इंचांऐवजी ७.२ इंचांचे आखूड पुशरॉड एवढ्यावर काम भागते. जुन्या ब्लॉकला जोडपट्टीचे लिफ्टर लागतात, शिवाय कॅमशाफ्ट पुढे सरकू नये म्हणून त्याच्या तोंडाशी बटण बसवावे लागते, कारण रोलरच्या लोबला उतार नसल्यामुळे तो मागे दाबलेला राहत नाही. हा खर्च मोठा आहे. दोन बारकावे इथे हमखास सुटतात. पोलादी रोलर कॅमशाफ्टवर डिस्ट्रिब्युटरचा मूळ ओतीव गिअर टिकत नाही, त्यामुळे उत्पादक सांगेल त्या धातूचा गिअर घालावा लागतो. तसेच इंजेक्शनच्या गाड्यांसाठी बनवलेल्या अनेक रोलर कॅमशाफ्टवर यांत्रिक पेट्रोल पंप चालवणारा लोबच नसतो. गाडी कार्ब्युरेटरची असेल तर मग विजेचा पंप बसवावा लागतो.

हेड आणि स्प्रिंगा

मूळ हेडांत व्हॉल्व्हची उचल ०.४६० इंचांच्या आसपास गेली की स्प्रिंगचा धारक गाइडच्या सीलवर आदळू लागतो. व्हॉल्व्ह पूर्ण उघडल्यावरही त्या दोघांत ०.०५० इंच अंतर उरावे, आणि स्प्रिंगचे वेढे एकमेकांना भिडण्याआधी ०.०६० इंच शिल्लक असावेत. मूळची स्प्रिंग १.७० इंच उंचीवर सुमारे ८० पौंड दाब देते. २०४/२१४ च्या कॅमशाफ्टला त्याच वर्गाच्या नव्या स्प्रिंगा पुरतात, पण चाळीस वर्षे दबलेल्या जुन्या स्प्रिंगा पुन्हा घालणे अयोग्य आहे. फार कडक स्प्रिंगाही नकोत, कारण या हेडांतील रॉकरचे स्टड नुसते दाबून बसवलेले असतात आणि जास्त दाबाने ते वर सरकतात. शेवटी ८८२ असलेल्या कास्टिंगची हेडे तडकण्यासाठी कुप्रसिद्ध आहेत. त्यांवर पैसे घालण्यापूर्वी त्यांची चुंबकीय तपासणी करून घ्यावी.

बसवणे आणि पहिला अर्धा तास

कॅमशाफ्ट आत सरकवताना त्याच्या तोंडाला लांब बोल्ट लावून ते मुठीसारखे धरावेत, म्हणजे लोबची धार बेअरिंगांना खरचटणार नाही. लोबांना आणि लिफ्टरच्या तळाला उत्पादकाची घट्ट पेस्ट, जर्नलना, म्हणजे बेअरिंगांत फिरणाऱ्या भागांना, फक्त ऑइल. प्रत्येक लिफ्टर आपल्या गाळ्यात स्वतःच्या वजनाने उतरला पाहिजे आणि बोटाने फिरला पाहिजे; अडत असेल तर गाळा साफ करावा, लिफ्टर ठोकू नये. चेनच्या खुणा जुळल्या म्हणजे झाले असे समजू नये. पिस्टन स्टॉपने (पिस्टन अडवणाऱ्या हत्याराने) पहिल्या सिलिंडरचा वरचा मध्यबिंदू काढून, डिग्री व्हीलवर (क्रँकला लावायच्या अंशांच्या चकतीवर) इनटेकचा मध्यबिंदू कार्डाशी ताडून पाहावा. ११२ कोनाच्या बहुतेक पिकअप कॅमशाफ्टना तो १०८ अंशांच्या आसपास यायला हवा. दोन अंशांहून जास्त फरक पडला तर चेनच्या चाकातील पर्यायी खाचेने तो दुरुस्त करावा.

इंजिन सुरू करण्याआधी डिस्ट्रिब्युटरच्या भोकातून, त्याचा जुना सांगाडा घालून, ड्रिलने ऑइल पंप फिरवावा, आणि सोळाही पुशरॉडांतून रॉकरवर ऑइल येईपर्यंत तो थांबवू नये. नुसता दांडा वापरला तर लिफ्टरच्या गॅलरीतून दाब गळतो, म्हणून सांगाडा आवश्यक आहे. कार्ब्युरेटर पेट्रोलने भरून ठेवावा आणि इग्निशनचे टायमिंग आधीच लावून घ्यावे, कारण नव्या सपाट लिफ्टरच्या इंजिनाला स्टार्टरवर वारंवार फिरवणे घातक ठरते. ऑइल ब्रेक-इनसाठीचेच घ्यावे. अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूटच्या २००४ च्या एपीआय एसएम मानकापासून पेट्रोल गाड्यांच्या पातळ ऑइलांत फॉस्फरसची मर्यादा आणखी खाली आली आणि त्याबरोबर लोबांना वाचवणारे झिंकचे मिश्रणही घटले. इंजिन सुरू होताच त्याला आयडलिंगवर राहू न देता २००० ते २५०० आरपीएमवर, अधूनमधून फेऱ्या थोड्या वरखाली करत, वीस ते तीस मिनिटे चालवावे, म्हणजे लोबांवर क्रँकने उडवलेले ऑइल पुरेसे पडते. गाडी तापली किंवा कुठे गळती दिसली तर इंजिन बंद करावे, दुरुस्ती करावी आणि उरलेली मिनिटे नंतर पूर्ण करावीत.

त्यानंतर ऑइल आणि फिल्टर लगेच बदलावा, आणि जुना फिल्टर कापून त्याची घडी उलगडून पाहावी. बारीक राखाडी पूड पहिल्या वेळी अपेक्षितच असते. चमकणारे तुकडे किंवा चुंबकाला चिकटणारी किस मात्र दिसली, तर व्हॉल्व्ह कव्हर काढून डायल गेजने सोळाही लोबांची उचल पुन्हा मोजावी, आणि ती कार्डाशी जुळल्याशिवाय गाडी रस्त्यावर काढू नये.